काकींनी घातलेला जळका कोट

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. आजवर कोणी मानलेली नाही, आणि नव्या बाई, तुम्हीही मानणार नाही. तुमची डावी भुवई आत्ताच वर निघाली आहे. जाऊ द्या तिला. हात चालू ठेवा म्हणजे झालं. या इस्त्रीखोलीत नवीन माणूस आलं की पहिल्या आठवड्यात त्याला ही गोष्ट ऐकावीच लागते. सुटका नाही.

तिकडे काउंटरवर त्या बसल्या आहेत ना, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणाऱ्या, त्या काकी. गोष्ट त्यांची.

लाँड्री तेव्हाही हीच. मागे धुण्याचे हौद, मधल्या अंगणात वाळवणाच्या दोऱ्या, मग ही इस्त्रीची टेबलं आणि रस्त्याच्या बाजूला काउंटर. फक्त काउंटरवर काकी नव्हत्या, त्यांचे यजमान होते, काका. काका बसायचे कमी आणि ओरडायचे जास्त. त्या ओरडण्याला चांगली धग होती. ढगाळ दिवशी दोरीवरचे टॉवेल त्याच्यावरच वाळायचे. एकदा त्यांनी मागच्या दारात उभं राहून "साबण कोणी सांडला?" एवढंच विचारलं, तर हौदातल्या पाण्याला लाट आली आणि पलीकडच्या काठावरचा हौदवाला कमरेपर्यंत भिजला.

"ओरडण्यानं लाट?" नव्या बाईनं विचारलं.

छोटीशी होती. पण लाटच.

काका मनानं वाईट नव्हते हं. घरच्या मांजराला सुद्धा अहोजाहो करायचे. पण धंदा धाकावर चालतो, हे त्यांच्या डोक्यात लहानपणीच कोणीतरी कडक इस्त्री करून बसवलं होतं आणि ती घडी काही केल्या मोडत नव्हती. त्यांचा नियम सोपा: कपडा जळला की जाळणारीच्या पगारातून भरपाई, आणि त्याआधी सगळ्यांसमोर तिची अशी शोभा की तिला वाटावं, कपड्याऐवजी आपणच जळलो असतो तर बरं.

नियम लागू पडला. लाँड्रीत कपडे जळायचे बंद झाले. निदान काकांना तरी तसं वाटायचं.

खरं काय व्हायचं? कपडा जळला की इस्त्रीवाली आधी इकडेतिकडे बघायची. मग जळका भाग घडीच्या अगदी पोटात ढकलायची आणि वरून खळ लावायची. नेहमीसारखी बेताची नाही. गिऱ्हाइकानं घडी उघडूच नये, इतकी. मग त्यावर इस्त्री अशी दाबून धरायची की कपड्यानं शपथ घेतल्यासारखं तोंड मिटलं पाहिजे. पुढचं त्या गिऱ्हाइकाच्या नशिबावर.

त्या नशिबाच्या एकेक कथा कानावर यायला लागल्या. एका मास्तरांनी स्वतःच्या शर्टाच्या घडीनं भिंतीत खिळा ठोकला. एका बाईंनी पलंगाच्या डुगडुगत्या पायाखाली उशीचा अभ्रा सारला. तो पलंग अजून हललेला नाही. एका कारकुनानं मोठ्या हिकमतीनं शर्ट उघडून अंगात चढवला, पण त्याला वाकताच येईना. साहेबांसमोर सुद्धा येईना. साहेब म्हणाले, "माणूस ताठ कण्याचा दिसतो," आणि त्याला बढती मिळाली.

तो एक खूष झाला. बाकीची गिऱ्हाइकं कशाला होतील?

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चौकातलं हॉटेल. तिथल्या चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल यांच्यावरच लाँड्रीचे हौद भरायचे. हॉटेलच्या मॅनेजरांना सगळे टायवाले साहेब म्हणायचे. टाय इतका आवळून बांधायचे की गळ्यातून शब्द बारीक होऊनच बाहेर पडायचे. एक दिवस ते न उघडणारा टेबलक्लॉथ काखेत मारून आले आणि त्या बारीक आवाजात काकांना म्हणाले, "अशी आणखी एक घडी आली की आमचं काम दुसरीकडे जाईल."

काका उठले. छाती भरून घेतली. इस्त्रीखोलीकडे वळले आणि गरजले, "एवढी खळ कोणी ला..."

आणि तिथेच आवाज संपला. गॅसची टाकी संपते तसा, मधेच, फुस्स करून. पुढचं "वली" बाहेर आलंच नाही. सगळ्या जणी माना खाली घालून त्याची वाट बघत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी काकांच्या घशात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, "जेवढा होता तेवढा वापरून झालाय. विश्रांती द्या, भरेल तेव्हा भरेल."

"असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?" नवी बाई म्हणाली.

घशाच्या. तर अशा रीतीनं काकी काउंटरवर आल्या.

लाँड्रीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एकच गोष्ट पक्की कळत होती: हॉटेल गेलं की ही टेबलं रिकामी होणार आणि टेबलांमागच्या बायका घरी बसणार. काकी पहिल्या दिवशी दार उघडून आत आल्या त्या थेट काउंटरशी.

तो टेबलक्लॉथ काउंटरवर तसाच पडला होता. काकींनी घडी हातानं ओढून पाहिली. गुडघ्यात धरून ओढली. हौदवाल्यानं पाना आणून दिला, तो वाकला. शेवटी काकींनी चहाची किटली उकळायला ठेवली आणि घडी वाफेवर धरली. घडी आधी कुरकुरली, मग तिनं एक सुस्कारा टाकला आणि मग उघडली. आत, पांढऱ्याशुभ्र कापडावर, इस्त्रीचा तपकिरी ठसा. टोकासकट.

"हे कोणी केलं?" काकींनी विचारलं. अशा वेळी दुसरं काय विचारतात ते त्यांना माहीत नव्हतं.

सगळ्या माना खाली. काकींना हे ओळखीचं वाटलं. घरी काचेची बरणी फुटली की मुलं अशीच फरशीकडे बघत उभी राहायची. त्यातून बरणी कोणी फोडली ते कधी कळलं नाही, आणि कपाटाखाली ढकललेली काच मात्र कोणाच्या तरी पायात जायचीच.

"राहू दे," काकी म्हणाल्या. "प्रश्न मागे घेते. मला एक टेबल द्या. मी करून बघते."

त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या, तशी अख्ख्या खोलीला खोकला आला. एकदम. काकींनी मागे वळून पाहिलं, खोकला थांबला. त्यांनी काकांचा रेशमी शर्ट पसरला, इस्त्रीच्या उष्णतेचा आकडा रेशमावर लावला, दोनदा हात फिरवला आणि शर्टातून धूर निघाला.

"अगं बाई!" त्यांनी शर्ट उचलून उजेडात धरला. "आकडा तर मी रेशमावर ठेवला होता. आता जाड सुतावर कसा गेला?"

मग अक्का पुढे झाल्या. अक्का म्हणजे सगळ्यात जुन्या इस्त्रीवाल्या. खोलीतल्या भांडणांचा निकाल त्यांच्याकडे लागायचा. त्या हळूच म्हणाल्या, "काकी, त्या इस्त्रीचा आकडा घसरतो."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हा घसरतच होता."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?"

"बोलायला जायचं कोणी? जी जाणार ती त्याच टेबलावरची असणार. काकांनी विचारलं असतं, म्हणजे कालचा शर्ट तूच जाळलास वाटतं?" अक्कांनी खांदे उडवले. "म्हणून आम्ही पाळी लावून घेतली. वाईट इस्त्री एकीच्याच गळ्यात नको. आणि नवी कोणी त्या टेबलाकडे निघाली की आम्ही खोकतो."

काकी तिथल्या स्टुलावर बसल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, शर्टासाठी वाईट वाटलं. शर्टाचं काय एवढं! त्यांच्या मनात आलं ते असं, की या बायकांनी एक वाईट इस्त्री किती मायेनं आपसात वाटून घेतली आहे. आणि ही माया दारापासून काउंटरपर्यंत पोचू नये, याची व्यवस्था आम्ही केली. मी घरी बसून, यांनी ओरडून.

हौदवाल्यानं आकड्याखालचा सैल स्क्रू आवळला. त्याला नाक शिंकरायला लागतो तेवढाच वेळ लागला. भिंतीत खिळे ठोकणाऱ्या घड्या, काकांचा आवाज, हॉटेलचा दम, सगळं त्या स्क्रूच्या अंगावर उभं होतं.

"आता ऐका," काकी उठून म्हणाल्या. "यापुढे कपडा जळला की 'कोणी' हा शब्द या खोलीत काढायचा नाही. जळका कपडा मला आणून द्यायचा. मी तो अंगावर घालून दिवसभर काउंटरवर बसेन. गिऱ्हाइकाची माफी मी मागेन, भरपाई दुकान करेल. तुम्ही मला एकच सांगायचं, काय झालं ते."

"आणि चादर जळली तर?" हौदवाल्यानं विचारलं.

"गुंडाळून बसेन."

"सोफ्याची खोळ?"

"तर तुम्हाला घालून शेजारी बसवेन, भाऊ. शोभाल."

आणि त्यांनी तो काकांचा जळका रेशमी शर्ट आपल्या कपड्यांवर चढवला आणि काउंटरवर जाऊन बसल्या.

पहिले काही दिवस कोणाचा विश्वास बसेना. मोठी माणसं पहिल्या दिवशी बोलतात, नंतर विसरतात, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक. मग एका दुपारी अक्कांनी टेबलाखालून एक जुनी चादर काढली, मधोमध ठसा असलेली, आणि न बोलता काउंटरवर ठेवली. काकी उठल्या, चादर अंगाभोवती गुंडाळली आणि विचारलं, "काय झालं होतं?" अक्का म्हणाल्या, "वायर आखूड आहे. टोकापर्यंत हात नेला की हिसका बसतो आणि इस्त्री हातातून सुटते." संध्याकाळच्या आत लांब वायर आली.

मग काय विचारता! बांधच फुटला. रॅकच्या मागून, माळ्यावरून, गाद्यांखालून घडीत न मावल्यामुळे वर्षानुवर्षं लपवलेले ठसे बाहेर आले. काकींनी पडदा नेसला. बँडवाल्यांची सोनेरी पट्ट्यांची पँट घातली, तर रस्त्यावरची पोरं पाय आपटून सलाम करायला लागली. एका वकिलाचा काळा झगा घालून बसल्या, तेव्हा समोरच्या दोन दुकानदारांनी येऊन आपलं जुनं भांडण त्यांच्यापुढे मांडलं आणि निकाल घेऊन, हातात हात घालून परत गेले. आज काकींच्या अंगावर काय आहे ते बघायला माणसं वाकडी वाट करून यायची. बसचा ड्रायव्हर दुकानासमोर बस थांबवायचा. थांबा पुढच्या कोपऱ्यावर होता, तो कंटाळून इकडे सरकला.

"थांबा सरकला?" नव्या बाईनं इस्त्री वर उचलून विचारलं.

खांबासकट. बाहेर जाऊन बघा, दारातच आहे.

घरी काका हे सगळं बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून चमच्यानं ताट वाजवायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काकी बँडची पँट घालून घरी आल्या त्या दिवशी त्यांनी दोनदा वाजवण्यात ताटाला पोचा पाडला.

पण कपडे खरंच कमी जळायला लागले. दर वेळी "काय झालं" विचारलं की काहीतरी सापडायचं. खिडकीजवळच्या टेबलावर दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, जेवणाच्या आधीच्या तासाला हात थरथरतात, असलं काहीबाही. काकी एकेक गाठ सोडवत गेल्या. त्यांना वाटायला लागलं, जमलं की आपल्याला.

आणि मग तो कोट आला.

टायवाल्या साहेबांचा स्वतःचा कोट. हॉटेलात त्या दुपारी मोठा समारंभ, हॉटेलचे मालक येणार, आणि साहेबांचा हा एकच भारी कोट. सकाळी आला आणि दुपार व्हायच्या आत अक्का तो घेऊन काकींपुढे उभ्या राहिल्या. पाठीवर हा एवढा ठसा.

"माझ्या हातून झालं," अक्का म्हणाल्या.

"कोणी ते विचारलं नाही, अक्का. काय झालं? स्क्रू?"

"स्क्रू नाही."

"मग?"

अक्कांनी कोट काउंटरवर पसरून ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "लेक दवाखान्यात आहे. पहाटेपासून कळा येतायत. अडलीय म्हणतात."

"आणि तुम्ही इथे काय करताय?"

"सुट्टी मागायची सवय नाही, काकी."

काकींना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वायर बदलली, स्क्रू आवळला, उन्हाला पडदा लावला. इस्त्रीची सगळी दुखणी त्यांनी विचारली. इस्त्री धरणारी घरून पोटात काय घेऊन येते, हे विचारायचं राहूनच गेलं.

"जा आधी! भाऊ, गाडी बघा, यांना सोडून या. आणि अक्का, बाळ हातात घेतल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही मला."

अक्का गेल्या. काकींनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि वाट बघत बसल्या.

साहेब आले ते घड्याळाकडे बघतच. "कोट?" म्हणाले, आणि मग त्यांना तो दिसला.

"माफ करा," काकी म्हणाल्या आणि वळून पाठ दाखवली. "नवीन शिवून देते. आज मात्र तुमची पंचाईत झाली, ती काही मला भरून देता येणार नाही."

"कोणी जाळला?"

"हा शब्द आमच्याकडे बंद आहे."

"माझ्याकडे चालू आहे." साहेबांचा आवाज आणखी बारीक झाला. "मला नाव सांगा. आणि ती बाई उद्यापासून इथे दिसता कामा नये. नाहीतर हॉटेलचा हातरुमालसुद्धा या दारात येणार नाही."

आत सगळ्या इस्त्र्या उभ्या राहिल्या. काकींनी खोलीकडे पाहिलं. एकीचं नाव द्यायचं की बाकी सगळ्या टेबलांवरचं काम जाऊ द्यायचं? काकी काही देवमाणूस नव्हत्या. अक्कांचं नाव त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत येऊन उभं राहिलं, आणि त्यांनी ते आवंढ्याबरोबर परत गिळलं.

"मी जाळला," त्या म्हणाल्या.

"तुमच्या हातात इस्त्री कोणी दिली?"

"इस्त्री नव्हती हातात. पण इस्त्री धरणारीला आज घरी पाठवणं माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही. तेव्हा कोट मीच जाळला."

साहेबांनी कोट काढून मागितला, काकींनी दिला. तो घालून साहेबांनी अख्खा समारंभ कोणाकडेही पाठ न करता पार पाडला. भिंतीला चिकटून आले, भिंतीला चिकटून गेले. मालक म्हणाले, किती अदबशीर माणूस! पण दुसऱ्या दिवशी हॉटेलची गाडी लाँड्रीकडे आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

हौद अर्धे रिकामे पडले. इस्त्रीखोलीत कुजबुज सुरू झाली. "एका नावासाठी आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय," एकजण म्हणाली. खोटं नव्हती बोलत. काकींनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं नाही. प्रत्येक शनिवारी सगळ्यांना बसवून त्या सांगायच्या, इतकं काम आलं, इतकं गेलं, आधी माझा वाटा बंद, मग गरज पडली तर सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी. कोणाला काढायचं नाही.

अक्का परत आल्या त्या नातीची बातमी घेऊन आणि आपला एप्रन नीट घडी करून. तो त्यांनी काउंटरवर ठेवला. "काकी, माझं नाव सांगून टाका. मी जाते. हॉटेल परत येईल."

"येईल," काकी म्हणाल्या.

"मग?"

"मग उद्या कोणाच्या हातून रुमाल जळला तर ती तो मला आणून देईल?"

अक्कांनी एप्रनची घडी बोटानं आणखी सारखी केली.

"तुम्हाला दाराबाहेर घातलं, की परवापासून घड्या पुन्हा उघडायच्या बंद होतील. मग हॉटेल पुन्हा जाईल. तेव्हा कोणाला काढू? घाला तो एप्रन. आणि नातीचं नाव काय ठेवताय ते आधी सांगा."

बोलल्या मोठ्या टेचात, पण संध्याकाळी घरी गेल्यावर पायऱ्यांवरच बसकण मारली. काका बाहेर आले. "अहो, चुकलं का हो माझं?" काकींनी विचारलं. काकांनी चमचा उचलला. बराच वेळ धरून ठेवला. आवाज गेल्यापासून त्यांना नको इतकं ऐकू यायला लागलं होतं. बायको झोपेत गिऱ्हाइकांची माफी मागते, हे सुद्धा. त्यांनी चमचा खाली ठेवला, आत गेले आणि आपलाच तो जळका रेशमी शर्ट अंगात घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात यायला लागले. काम एकच: गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी घडी त्याच्यासमोर पूर्ण उघडून दाखवायची. डाग असला तर तो आधी बोट ठेवून आपणच दाखवायचा. लोक म्हणायचे, इथे कपडा धुतलेला मिळतो आणि वर खरं बोलणंही मिळतं. घरगुती गिऱ्हाइकं वाढली. टेबलं पूर्ण भरली नाहीत, पण निम्म्याच्या वर गेली.

इकडे हॉटेलनं नवी लाँड्री धरली. मोठी, चकचकीत, शिस्तीची. चूक झाली की दंड. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. हॉटेलात मोठी मेजवानी ठरली आणि एकही टेबलक्लॉथ उघडेना. वेटरांनी चार बाजूंनी धरून ओढले. एक वेटर सुटून थेट मुदपाकखान्यात जाऊन पडला. शेवटी त्यांनी घड्या तशाच विटांसारख्या टेबलांवर रचल्या आणि त्यावर ताटं ठेवली. ताटं एवढी उंच गेली की पाहुणे उभं राहून जेवले. प्रमुख पाहुण्यांना शिडी दिली.

"शिडी!" नवी बाई म्हणाली.

घडीची शिडी. उघडत होती ती तेवढीच.

त्याच दुपारी टायवाले साहेब काखेत टेबलक्लॉथ मारून लाँड्रीत आले. काकींनी तो हातावर तोलला, बोटानं टकटक केली आणि म्हणाल्या, "इथे आहे." किटली ठेवली. वाफेवर घडी उघडली, आणि दोघं त्या तपकिरी ठशाकडे बघत बसले. साहेबांनी टाय सैल केला. आवाज चक्क जाड निघाला.

"आमचं काम परत घ्याल?"

"आनंदानं. पण नाव विचारायचं नाही."

साहेबांनी मान हलवली. मग इस्त्रीखोलीच्या दारात गेले. सगळ्या जणी ताठ. साहेबांनी घसा खाकरला. "त्या दिवशी ज्यांना घरी जायला हवं होतं," ते म्हणाले, "त्यांच्या घरी आता सगळं ठीक आहे ना?"

"नात झाली, साहेब!" अक्का बोलून गेल्या.

अख्ख्या खोलीला खोकला आला. पण साहेब हसले आणि म्हणाले, "पेढे..." नाही, पेढे नाही, "अभिनंदन" म्हणाले. जाता जाता काउंटरवर वाकून काकींना हळूच विचारलं, "आमच्याकडे कप फार गायब होतात हो. काय करावं?"

"गच्चीवरच्या टाकीमागे बघा. आणि ज्याचा कान तुटला असेल, त्यातून स्वतः चहा प्या. सगळ्यांसमोर."

साहेब प्यायले. ते पाहून कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं, त्याच्या माणसाच्या हातून गिऱ्हाइकाचे केस वाकडे कापले गेले तेव्हा, स्वतःचे तसेच कापून घेतले. शिंप्यानं एक पाय आखूड झालेली पँट स्वतः घातली आणि महिनाभर लंगडत्यासारखा चालला. सुतार तीन पायांच्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकं घ्यायला लागला. रस्त्यावरून एक चक्कर मारली की कोणत्या दुकानात माणसं सुखानं काम करतात ते मालकाच्या अवताराकडे बघून कळायचं. आणि माणसं सुखात असली की चुका आपोआप कमी होतात, इतक्या कमी, की नव्या बाई, तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून आजपर्यंत या खोलीत एकही कपडा, अगदी साधा हातरुमालसुद्धा, जळलेला नाही.

"खोटं!" नवी बाई ओरडली. हौदाकडचे लोक दारात गोळा झाले. "साफ खोटं बोलताय! हा बघा, आत्ता जळला, माझ्याच हातून, तुमची ती शिडी ऐकता ऐकता!" आणि धुराची रेघ सोडणारा शर्ट दोन्ही हातांत उंच धरून ती तशीच काउंटरकडे निघाली. "काकी, हा तुम्हाला बसतो का बघा!"